सगुणाचे उलटे चिरे

‘सगुणाच्या दारात जायचं तर आधी विमा उतरवावा,’ असे मिरजोळ्याच्या त्या वाडीतले लोक म्हणत. रस्त्यापासून बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत, जांभ्या चिऱ्यांची जुनी वाट होती. तिच्यावर शेवाळ चढून ती काळी पडली होती, आणि मधले चिरे खचल्यामुळे एकही रिक्षावाला आत शिरायला तयार नसे. बेड्याच्या आत, अंगणात, पनवेलला राहणारा धाकटा दीर निलेश याने तिथून आणून बसवलेली चकचकीत फरशी होती. न्हाणीघरातदेखील जपून पाय टाकावा अशी. गणपतीच्या दिवसांत तिच्यावरूनच सगुणाचे सासरे आप्पा घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रिया नीट झाली. निलेशने मात्र इस्पितळातच सांगून टाकले की बारा दिवसांनी आप्पांना घरी सोडतील, तेव्हा गाडी दारापर्यंत गेली तर ठीक, नाहीतर ते पनवेलला येतील, कायमचे. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नवऱ्याच्या माघारी आठ वर्षे त्यांच्यासोबत घर चालवणाऱ्या सगुणाला ती पाठ सहन झाली नाही.

पेव्हर ब्लॉकवाला येऊन वाट मापून गेला. त्याचा आकडा ऐकून तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. मग जुने चिरे फोडून त्यांचीच खडी पसरावी असे तिच्या मनात आले. तिने आप्पांना फोन केला. तरुणपणी त्यांनी अर्ध्या वाडीचे कुंपणाचे दगडी गडगे रचले होते.

“फोडू नको गो,” आप्पा म्हणाले. “उलटे कर. खालचं तोंड अजून कोणी वापरलेलंच नाय.”

ती ज्या कारखान्यात कामाला होती, तिथली तिची पाळी दुपारची होती. सकाळी उठून ती पहारीने चिरे उचकटू लागली. एकेक चिरा उन्हात आडवा ठेवायचा, वाळला की कोयत्याच्या पाठीने खरवडायचा. अंगणातली फरशी तिने हातोड्याने फोडली, आणि तिचेच तुकडे वाटेच्या खड्ड्यांत भरणीला गेले. गडग्यापलीकडून शेजारचा सखाराम रोज विचारपूस करी, की वहिनी, खजिना लागला का? पहिल्या पाच दिवसांत अर्धी वाट झाली. पण तिने सांधे घरामागच्या परड्यातल्या लाल मातीने भरले होते. परतीचा पाऊस एकदाच कोसळला, माती लोण्यासारखी झाली आणि चिरे पुन्हा डुगडुगू लागले.

त्याच दिवशी तिने चिरेखाणीवर टेम्पो चालवणाऱ्या साकिबला निरोप धाडला. चिरा कापताना पडणारी जांभ्याची भुकटी खाणीवर कोणाला नकोच असते. साकिबने खाणीवरून घरी परतताना रिकाम्या टेम्पोत भरून आणून तिचा ढीग वाटेच्या तोंडाशी ओतला. सगळे चिरे तिने पुन्हा उचकटले. सांध्यांत भुकटी ठासली, पाणी शिंपडले, लाकडी चोपण्याने चोपले आणि गडग्याकडे उतार धरला. दहाव्या दिवशी सखारामची बायको सावित्री आपले चोपणे घेऊन न बोलावता आली, आणि तिच्यामागून आणखी तिघी. उरलेली भुकटी अंगणात पसरून त्यांनी जमीन अशी चोपली की आप्पांच्या वॉकरचा पाय रुतू नये.

बाराव्या दिवशी आप्पांना घेऊन निलेशची गाडी रस्ता सोडून आत वळली. एकही चिरा हलला नाही. तांबड्या, कोऱ्या वाटेवरून ती थेट पायरीपाशी येऊन थांबली. वाडी गडग्याला टेकून बघत होती. आप्पा वॉकरवर उतरले, चार पावले चालले, थांबले आणि वॉकर जमिनीवर दोनदा आपटून त्यांनी मान डोलावली.

निलेश गाडीपाशीच उभा होता. काम चांगले झाले खरे, तो म्हणाला, पण थंडीपुरते तरी आप्पांना पनवेलला न्यावे, सामान गाडीतच राहू दे.

सगुणाने पदराला हात पुसले.

“भावोजी, गाडी दारात आली. आता त्यांची बॅग उचला आणि आत आणून ठेवा. चहा मग देते.”