मुलीच्या गेमला तीन स्टार

माझ्या मुलीने मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवला. सायकलवर केळीचे घड लादून आमच्या वटार गावच्या वाडीतून, वाटेतला पूल ओलांडून बाजारापर्यंत जायचं, एवढाच तो. रविवारी मिस्सा संपल्यावर तिने चर्चच्या अंगणात सगळ्यांना तो दाखवला आणि नातेवाइकांनी तिथल्या तिथे, न खेळताच, पाच-पाच स्टार दिले.

मी तो आठवडाभर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत खेळलो. मग खोट्या नावाने लिहिलं, 'चित्रं सुरेख आहेत, झावळ्यांचा आवाज तर अगदी खरा. पण पुलानंतर खेळ कंटाळवाणा होतो आणि सायकल उगाच पडते. तीन स्टार.'

जेवताना तिने ते मोठ्याने वाचलं. बायको भडकली, "कोण मेला हा? स्वतः बनवून दाखव म्हणावं!"

"मम्मी, हा एकटाच पुलापुढे गेलाय गं," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पप्पा, तू खेळलास?"

"वेळ कुठे मिळतो?" मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. ती ताट उचलून आत गेली.

मला तोंडावर कौतुक करता येत नाही, खोटही काढता येत नाही. तिच्या शाळेपासून हे असंच. त्या दिवशी मात्र तिच्या मागोमाग मोरीपर्यंत गेलो आणि म्हणालो, "तो तीन स्टारवाला मीच."

ती गर्रकन वळली. "म्हणजे तू पुलापुढे गेलास?"

"गेलो ना. पण दरवेळी पडतो."

तिने ओले हात पुसले आणि माझा फोन मागितला. "कुठे पडतोस, दाखव."