गूळ, चुना आणि आमची तालीम

आमच्या तालमीची दुरुस्ती संपून बरेच महिने झाले, पण किस्से काही संपत नाहीत. चहाच्या गाड्यावर दोघं जरी भेटलो, तरी एक जण विषय काढतो आणि दुसऱ्याचा चहा गार होतो. ऑफिसातले लोक आता मला टाळायला लागलेत, म्हणून तुम्ही ऐका.

तालीम मंगळवार पेठेतली, आमच्या गल्लीची. दगडी भिंती, सागवानी तुळया, मधे लाल मातीचा हौदा. आजोबा, वडील आणि नोकरी लागेपर्यंत मी, सगळे त्याच मातीत लोळलो. पण छप्पर गळायला लागलं, गिलावा पडायला लागला आणि अध्यक्ष दिनकरतात्यांनी मीटिंग बोलावली. पाडायची आणि स्लॅबचा हॉल बांधायचा, हे त्यांचं ठरलेलं होतं. जेसीबीवाल्याशी बोलणंही झालं होतं.

तेवढ्यात मधुरा उठली. गल्लीतलीच मुलगी, आर्किटेक्ट झालेली, जुन्या इमारतींची कामं करणारी. भिंती भक्कम आहेत, चुन्यात दुरुस्त केल्या की झालं, असं तिनं सांगितलं. ग्यारंटी काय, असं तात्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "तात्या, गेल्या पावसात तुमच्या घरच्या स्लॅबखाली बादल्या कोण ठेवत होतं?"

मीटिंग तिथंच आटोपली. आधी छप्पर आणि एक भिंत करायची, ती पावसात टिकली तर पुढं, नाहीतर जेसीबी, असं ठरलं.

* * *

चुना मळायला दगडी घाणी लागते. ती कागलकडच्या एका शेतातून आणली, पण ओढायला बैल आणायचे तर आमच्या बोळात वळणार कुठं? मधुरा काळजीत पडली. आमचे आनंदा वस्ताद घाणीभोवती एक चक्कर मारून आले आणि पैलवानांना म्हणाले, "जोर-बैठका बंद. आजपास्नं ह्योच व्यायाम."

आठवडाभरात पोरांचे खांदे असे भरले, की शेजारच्या गल्लीतले पैलवान आपला नंबर कधी लागतोय म्हणून विचारायला आले.

* * *

चुन्यात गूळ घालतात, हे कळल्यावर गल्लीतल्या बायकांनी घराघरांतून ढेपा आणल्या. कुणी माहेरच्या गुऱ्हाळातून मागवल्या. संध्याकाळी मधुरा बघते तर निम्मा गूळ गायब, आणि घाणी ओढणारे पैलवान तोंड पुसत उभे. ती खरोखर चिडली. असा चुन्याचा मसाला बिघडला तर भिंत पडेल आणि सगळं मुसळ केरात जाईल, असं तिनं सुनावलं.

पोरं खाली मान घालून उभी राहिली. मग वस्तादच पुढं झाले. "बाई, उद्या दुप्पट आणतो. पर भिंतीत गेला काय आन् पोरांच्या अंगात गेला काय, ऱ्हायला तालमीतच की."

मधुरालाही हसू आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी गूळ खरंच दुप्पट आला. तो मात्र कुणी हुंगलासुद्धा नाही.

* * *

मग एका दुपारी वळीव कोसळला. गारा, वारा, रस्त्यावर गुडघाभर पाणी. भिंतीचा निकाल आजच लागणार होता. इकडं तात्या घरातून गायब. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, छत्री घेऊन शोधत निघाल्या. मी त्यांच्याबरोबर होतो.

तात्या तालमीत सापडले. नव्या भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसले होते. घरात पाणी गळतंय, बादल्या कमी पडतायत, असं आक्कांनी सांगितलं.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. "तू बी हितंच ये. हितं कोरडं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं.

* * *

उरलेल्या भिंतीही झाल्या आणि पुन्हा माती पूजायचा दिवस आला. सगळी गल्ली आत मावत नव्हती. हलगी चालू होती, ती एकदम थांबली.

दारात पलीकडच्या पेठेतले हिंदुराव वस्ताद उभे होते. तरुणपणी एका कुस्तीच्या निकालावरून त्यांचं आणि आनंदा वस्तादांचं वाजलं होतं. त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या तालमीची पायरी चढली नव्हती. म्हातारा उंबऱ्याबाहेरच थांबला. हात लांबवून भिंत चाचपली. बराच वेळ चाचपत राहिला. मग आमच्या वस्तादांकडं न बघताच बोलला.

"आमची तालीम सोमवारी पाडायची ठरलीया."

आनंदा वस्ताद गर्दीतून वाट काढत दाराशी आले आणि चपला शोधायला लागले.