आमच्या तलावाची बोटरी

लाखांदूरकडच्या मंडळींनो, सकाळपासून डोकं तापलेलं आहे.

उन्हाळ्यात तलाव आटला की मधल्या खड्ड्यात उरलेल्या मासोळीवर आम्ही ढिवर मासेमार जाळं टाकत नाही. पावसाळ्यात तिच्याच पिलांनी तलाव भरतो.

आज माझ्या सख्ख्या काकानं त्या खड्ड्यात ब्लीचिंग पावडर ओतली. बोटरी, दाडक, आमचे सगळे जुने मासे पोट वर करून तरंगत होते.

“काहून मारले?” मी विचारलं.

“विकतचं मासोळीचं बीज टाकायचं हाय. हे मासे खाऊन टाकतेत त्याले. बोटरी पाहिजे तं दुसऱ्या तलावातून आणून देतो तुले.”

आमची बोटरी पिढ्यान्‌पिढ्या त्या गरम चिखलात जगायला शिकली होती. ती कुठून आणून देणार, काका?

तुमच्या गावात असा खड्डा अजून राखता का? मग आजच पहारा बसवा. आणि पहाऱ्यावर माझ्या काकासारखा माणूस ठेवू नका.