सप्रेम काका

आष्ट्याच्या आमच्या चर्चमध्ये नजर कुठंही टाका, सप्रेम काकांचं नाव वाचल्याशिवाय ती परत यायची नाही. बाकांच्या पाठीवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाण्याच्या टाकीवर, चपलांच्या मांडणीवर, सगळीकडं लाल रंगात एकच मजकूर: 'सप्रेम भेट – श्री. दानिएल बाबू वायदंडे, माजी सैनिक.' पंखे दिले तेव्हा तर त्यांनी रंगाऱ्याकडून एका पात्यावर 'सप्रेम', दुसऱ्यावर 'भेट' आणि तिसऱ्यावर स्वतःचं नाव लिहून घेतलं. पंखा फिरायला लागला की काहीच वाचता येत नाही, हे पहिल्याच रविवारी त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून उपासना चालू असताना वीज गेली की सगळी मंडळी घाम पुसत चुळबुळ करायची आणि काका तेवढे प्रसन्न चेहऱ्यानं वर बघत बसायचे.

मी त्यांच्या शेजारची. सांगलीच्या एका शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवते. ती पेटीही अर्थातच त्यांची सप्रेम भेट, आणि नाव नेमकं माझ्या डोळ्यांसमोर. एकदा मी त्यांना विचारलंच, की काका, देवाला ठाऊक असतं कुणी काय दिलं, मग रंगाऱ्याला कशाला त्रास? काकांना राग वगैरे काही आला नाही. फौजेत त्यांनी उभी हयात ट्रक चालवला होता. ते म्हणाले, "आख्खी नोकरी नंबर म्हणून काढली बाई. नावानं कुणी हाकच मारली न्हाई. आता जरा वाचू द्या की लोकांस्नी." काकू मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की मंगळसूत्र देताना तेवढं त्याच्यावर नाव घालायचं राहिलं, हे माझं नशीब.

काहीही चांगलं काम केलं की "नोंद घ्यावी" असं म्हणायची त्यांना सवय होती. कुणाच्या लग्नात खुर्च्या पोचवल्या, नोंद घ्यावी. कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात नेलं, मोबाईलवरच्या मंडळीच्या ग्रुपवर दवाखान्याच्या फाटकाचा फोटो, कडेला काकांचा अर्धा चेहरा, आणि खाली पुन्हा तेच. आम्ही हसायचो. पण ही नोंद ते फक्त स्वतःचीच घ्यायचे असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. आमच्यात सुंदराबाई नावाची एकटी म्हातारी होती. तिनं एका वर्षी नाताळाला चर्चला एक केरसुणी दिली. काकांनी ती खिळ्याला टांगली आणि रंगाऱ्याला बोलावून खिळ्याच्या वर भिंतीवर सुंदराबाईचं पूर्ण नाव लिहून घेतलं, स्वतःच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं. तरी पुढं जितकी वर्षं ती जगली, तितकी वर्षं ती त्याच भिंतीला टेकून बसत आली.

काकांचं सगळ्यात मोठं कौतुकाचं काम म्हणजे मणेरचाची. पेठेत तिचं बांगड्यांचं दुकान. आष्ट्यातल्या कुठल्याही जातीधर्माच्या नवरीच्या हातात चुडा भरायचा तो चाचीनंच. साखरेनं तिच्या किडन्या गेल्या आणि दर मंगळवारी नि शनिवारी सांगलीला डायलिसिसला जाणं आलं. मुलगा आखातात, दुकान पुतण्यावर, त्यामुळं ती एसटीनं एकटीच जायची. एकदा स्टँडवर चक्कर येऊन पडली. हे कळताच काका दुकानासमोर उभे राहिले आणि अर्ध्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की चाची, उद्यापासून माझी गाडी.

मलाही त्या दोन्ही दिवशी शाळेपर्यंत गाडी मिळायची, म्हणून मी या प्रवासाची साक्षीदार. एरवी काका फौजी वेगानं गाडी हाणायचे, पण पेठेत शिरली की ती व्हॅन रांगायला लागायची. प्रत्येक दुकानासमोर हॉर्न. कुणी विचारलं नाही तरी काच खाली करून, "चाचीला सांगलीला न्हेतोय." चाची मागच्या सीटवर डोळे मिटून असायची. तुंग, डिग्रज मागं पडलं की गाडी वेग घ्यायची आणि काका गाणं म्हणायला लागायचे. मग तिकडं चार तास मशीन चालायचं तोवर काका तिथंच थांबायचे, शाळा सुटली की मी त्यांना जाऊन मिळायचे आणि आम्ही तिघं परत यायचो. हे एक-दोन महिने नाही, वर्षं चाललं.

अशात आमच्याकडं नवे पाळकसाहेब आले. रहिमतपूरकडचे, तरुण, अभ्यासू, बोलताना चष्मा सारखा वर सरकवणारे. त्यांनी आल्या आल्याच एका रविवारी गुप्तदानावर उपदेश केला. माणसांनी पाहावं म्हणून केलेलं चांगलं काम देवाच्या दारात पोचत नाही, आपण काय करतो यापेक्षा कशासाठी करतो हे देव बघतो, असं ते फार तळमळीनं बोलले. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं, बाकांवरची नावं वाचायलाही त्यांना अजून सवड झाली नव्हती. पण सगळी मंडळी आधी काकांकडं आणि मग वर पंख्याकडं बघायला लागली. त्या दिवशी उपासनेनंतरच्या चहाला काका थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते शिडी, टर्पेंटाईन आणि चिंध्या घेऊन चर्चमध्ये गेले आणि एकेक नाव पुसत सुटले. लोकांना गंमत वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. मंगळवारी सकाळी गाडी काही दारातून हलली नाही, तेव्हा मात्र माझी गंमत संपली. मी विचारायला गेले तर काका व्हरांड्यात बसलेले. म्हणाले, आता कुणाचं काही करायचं नाही. आधी आतलं साफ झालं पाहिजे. "बाई, कुणाचं काय केलं की माझ्या मनात बँड वाजाय लागतोय. तो बंद व्हईस्तवर गाडी बंद." चाचीची सोय त्यांनी केली होती म्हणा. एका रिक्षावाल्याला पैसे देऊन, माझं नाव सांगायचं नाही, असं बजावून पाठवलं होतं. आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं गुप्तदान.

रिक्षावाल्यानं चाचीला दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि तो निघून गेला. चार तास थांबायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डायलिसिस होऊन गळून गेलेली बाई एसटीत उभ्यानं परत आली. शनिवारी ती गेलीच नाही. मी संतापले. पाळकसाहेबांकडं गेले आणि म्हटलं, तुमच्या उपदेशानं एक माणूस घरात बसलाय आणि दुसरं मरायला टेकलंय, काय ते बघा. ते धावत काकांकडं आले, खूप समजावलं, पण काका शेवटी फौजी. हुकूम एकदा सुटला की सुटला. "साहेब, तुमीच म्हणलासा, कशासाठी करतोय त्ये देव बघतोय. मी बघितलं. लय घाण हाय." साहेब चष्मा पुसत बसून राहिले.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले, तर पुतण्याच्या स्कूटरवर मागं बसून चाची थेट काकांच्या दारात आली. तोंड सुजलेलं, पावलं चपलेत मावत नव्हती, एवढीशी पायरी चढताना ती थांबून दम घेत होती. मी फाटकातच थबकले. मला भीती वाटली. काकांनी खुर्ची पुढं केली आणि मान खाली घालून सांगून टाकलं, "चाची, तुमाला मी तुमच्यासाटनं न्हेत नव्हतो. लोकांनी बघावं, बरं म्हणावं, म्हणून न्हेत हुतो."

चाचीनं दम घेतला. "मंग मला काय ठावं नव्हतं व्हय, फौजी? पेठंत हॉर्न वाजवत हुता, त्ये काय मला झोप लागू नये म्हणून?"

"पर मन साफ असल्याबिगर..."

"तुमचं मन कवा धुऊन निगंल तवा निगंल. माझं रगात आज धुवायचं हाय."

काका जागचे उठले. काकूंनी किल्ली आधीच हातात धरली होती.

कुणी बघू नये म्हणून काकांनी गाडी बाहेरच्या रस्त्यानं घातली. तो लांबचा. चाची मागून कण्हत म्हणाली, की माझा जीव जातोय नि तुम्ही मला गावदर्शन काय घडवताय, पेठेतूनच घ्या. पेठेत नेमका उसाचा ट्रॅक्टर आडवा. काकांनी नाइलाजानं हॉर्नवर हात ठेवला आणि दोन्ही बाजूच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. "काका आले, काका आले" करत पोरांनी ट्रॅक्टर बाजूला काढायला लावला. मी शेजारी बसून काकांचं तोंड बघत होते. ते हसू दाबायची पराकाष्ठा करत होते. शेवटी मिशी हललीच.

दवाखान्यातल्या सिस्टरनं आधी चाचीला आणि मग काकांना असं झापलं की काय विचारता. चाचीला आत घेऊन मशीन लावलं. दुपारी मी पोचले तेव्हा तिच्या तोंडावरची सूज उतरायला लागली होती आणि काका बाकड्यावर गप्प बसले होते. परतीच्या वाटेवर गाणंही नाही. डिग्रज मागं पडल्यावर ते एकदम म्हणाले, की मी सिस्टरला विचारलं, हे रक्त एकदाचं पूर्ण साफ कधी होणार? तर ती हसली. म्हणाली, काका, तसं नसतं, शनिवारी परत आणा.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगायची, वेळ आली तेव्हा काका उठले. एरवी त्यांची साक्ष म्हणजे केलेल्या कामांची यादी असायची. त्या दिवशी ते थोडकंच बोलले आणि मला ते जवळजवळ जसंच्या तसं आठवतं. "तिथं मशीनवर कोणबी साफ व्हऊन येत न्हाई. घाण हाय म्हणूनच आत घेत्यात. आन् ज्याचं त्याला धुताबी येत न्हाई, भायेरनं मशीन लागतं. मी येडा, घरात बसून माझं मीच धूत हुतो. आता मी ठरवलंय. मन जसं हाय तसं घिऊन गाडी काढायची, धुयाचं काम परभूचं. त्येला सारकं धुवावं लागंल, पर त्यो काय कटाळणार न्हाई." क्षणभर थांबून त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "नोंद घ्यावी." अख्खं चर्च हसलं. पाळकसाहेब हसता हसता डोळे पुसत होते. मला वाटतं, कृपेवरचा इतका सरळ उपदेश आमच्या व्यासपीठावरून तोवर झाला नव्हता.

यानंतर काका बदलले का? फार नाही. पुसलेली नावं त्यांनी पुन्हा लिहून घेतली नाहीत, हे खरं. पण पाहुणे आले की त्यांना बाकाजवळ नेऊन पाठीवरचा फिकट पट्टा दाखवायचे आणि सांगायचे, "हितं आदी माझं नाव हुतं. मीच पुसलं." काकू म्हणायच्या, हे आता नाव पुसल्याचाही बोर्ड लावतील. काका स्वतःवर खदखदून हसायचे. पूर्वी त्यांची कुणी थट्टा केली की ते जरा आखडायचे, ते तेवढं गेलं होतं. मनात बँड वाजतो का अजून, असं मी विचारलं तर म्हणाले, वाजतो की. वाजू दे, गाडी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी, सकाळचा चहा घेता घेता, काका गेले. दुसऱ्या दिवशी माती दिली. एवढी माणसं आमच्या चर्चनं कधी पाहिली नव्हती, पेठ बंद होती. मी पेटीवर बसले खरी, पण डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, बोटं आपोआप चालत होती. चाची चर्चच्या फाटकाजवळ खुर्चीवर बसून राहिली होती, डोक्यावरचा पदर दातात धरून. कबरस्तानातून चाचीला घेऊन सगळे काकांच्या घरी परतलो, बायका काकूंभोवती बसल्या. तेवढ्यात काकूंनीच मान वर केली. म्हणाल्या, "आज मंगळवार हाय. चाचीला कोण न्हेणार?"

खोलीत सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पाळकसाहेब उठले आणि खिळ्यावरची किल्ली त्यांनी घेतली. आम्ही चाचीला धरून व्हॅनमध्ये बसवलं, मी तिच्याजवळ बसले. बाहेर अजून गर्दी होती आणि ती सगळी आमच्याकडं बघत होती. साहेब स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतेच बसले. चष्मा वर सरकवला, पुन्हा सरकवला. मग मागं वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "चाची, एवढ्या लोकांच्या देखत मी तुम्हाला घेऊन निघालोय. खरं सांगतो, मी हे कशासाठी करतोय ते माझं मलाच कळत नाही."

रडून रडून चाचीचा आवाज बसला होता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आवं साहेब, सांगली येईस्तवर कळंल. न्हाई कळलं तर शनिवारी परत जायचंच हाय की."