पिवळ्या शिड्या

शिड्यांच्या कारखान्यात मावशींचं बावीस वर्षं एकच काम: तयार झालेल्या प्रत्येक लाकडी शिडीवर चढायचं आणि पायरीगणिक एकेक दणकून उडी मारायची. बाई अंगानं चांगली भरभक्कम. सगळे त्यांना ‘वजनकाटा’ म्हणत आणि त्यांनाही त्याचं कोण कौतुक! शिडी नापास झाली, की सर्वांत खालच्या पायरीच्या पोटाला त्या कानसीनं तिरकी खाच पाडायच्या.

त्या दिवशी पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्यांना कंपनी समाजसेवा म्हणून चाळीस शिड्या भेट देणार होती. फोटोवाले हजर, आणि शिड्या पिवळ्याधमक रंगवलेल्या!

मावशींच्या काळजात चर्र झालं. लाकडी शिडीला कुणी रंग देतं होय? रंगाखाली गाठी आणि चिरा लपतात, म्हणून इथं फक्त पॉलिश करायची पद्धत. त्यांनी वाकून एका शिडीच्या पायरीखाली बोट फिरवलं. खाच! दुसरीलाही खाच. मॅनेजरनं गोदामातला नापास माल रंगवून पुढे केला होता. जन्मात कधी वाकलाच नव्हता, त्याला खुणेचा पत्ता कुठून असणार?

“मावशी, तोंड उघडलंत तर उद्यापासून घरी बसायचं,” तो कानाशी कुजबुजला.

घर मावशींच्याच पगारावर चालत होतं. पण पहिल्या रांगेत दिवेवाल्यांचा मुकादम त्या शिड्यांकडे हरखून बघत बसला होता. उद्या हाच माणूस दोन मजले वर लटकणार होता.

तेवढ्यात मालक फोटोसाठी उठले आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय टेकवला.

“थांबा मालक!” मावशी ओरडल्या. “आधी मी.”

त्या पायरीवर चढल्या आणि नेहमीसारखी उडी मारली. कडाड्! पायरीचे दोन तुकडे, आणि मावशी दोन्ही पायांवर जमिनीवर, ठणठणीत.

“मी नापास केलेल्याच आहेत या. तळच्या पायरीला खालून हात लावून बघा, माझी खाच लागेल.”

मालक पांढऱ्या पँटीची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले. एक, दोन, पाच, दहा शिड्या चाचपल्या. मॅनेजर आभाळ न्याहाळत राहिला. मालक उठले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी माइक घेतला.

“आज काही देणार नाही. लाज वाटते मला. महिन्याभरानं देऊ, आणि मावशी पास करतील त्याच देऊ.”

कामगारांनी शिट्ट्यांनी पटांगण डोक्यावर घेतलं. मॅनेजरची खुर्ची त्याच आठवड्यात रिकामी झाली.

महिन्याभरात मावशींनी चाळीस नव्या शिड्यांवर उड्या मारल्या. गुडघ्यांनी बोंब ठोकली, पण बाई कसल्या खुशीत होत्या! शिड्या न्यायला मुकादम आला, तोही शहाणा झालेला. त्यानं वाकून एकेका शिडीच्या तळच्या पायरीखाली बोट फिरवलं. चाळीसही गुळगुळीत.

“मावशी, चढू ना?”

“खुशाल चढा,” मावशी म्हणाल्या.