आजोबांच्या मानेत जाळी नाही

मुलांनो, रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजोबांच्या मानेतली छत्री अजून उघडीच आहे का?" तिकडे तुमचे बाबा हसले, इकडे तुमचे आजोबा हसले. मी हसले नाही. तुम्हाला ती गोष्ट अर्धीच सांगितलेली दिसते, आणि त्याच अर्ध्या गोष्टीने या घरात काय केलं ते मी पाहिलं आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. मराठीत लिहिते आहे, वाचायला कष्ट पडतील. पडू देत.

आजोबांच्या मानेतली, मेंदूकडे रक्त नेणारी डावी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती. डावी बिघडली की उजवा हात आणि बोलणं जाऊ शकतं. आयुष्यभर दिंडोरीच्या द्राक्षबागेत स्वतः कात्री चालवणाऱ्या आणि दिवसभर वाद घालणाऱ्या माणसाचं मग काय उरलं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट तिघांना तीन प्रकारे समजावली. तुमच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर, इंग्रजीत. ते कॉम्प्युटरचे इंजिनियर, त्यामुळे मानेतलंही कळत असल्यासारखी मान हलवत होते. मला, "आजी, तुम्ही निवांत बसा." आणि गावाहून आलेल्या तुमच्या चुलत आजोबांना शेतकऱ्याच्या भाषेत.

"मांडीतून बारीक नळी मानेपर्यंत नेणार. अडथळ्याच्या पुढे तारेवर एक जाळी उघडणार, छत्रीसारखी. मग फुगा फुगवून स्टेंट बसवताना जो कचरा सुटेल, तो मेंदूत न जाता जाळीत अडकेल. काका, तुमच्या बागेतल्या ड्रिपला फिल्टर असतं ना? तसंच."

"मंग काय टेन्शन नाय," चुलत आजोबा म्हणाले.

मी विचारलं, "जाळी अडथळ्याच्या पुढे न्यायची, म्हणजे ती आधी अडथळ्यातूनच जाणार. तेव्हा सुटलेला कचरा कोण अडवणार?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "थोडी जोखीम राहतेच," म्हणाले, आणि पुन्हा फोनकडे वळले. तेवढ्यात चुलत आजोबा मला म्हणाले, "वहिनी, डॉक्टरची परीक्षा घेता का काय!"

काम नीट झालं. ते झालं तेव्हा बाहेर मी एकटीच होते. तुमच्या आजोबांची काळजी करून दमलेली पुरुषमंडळी मिसळ खायला गेली होती. सिस्टरने एक स्टीलचा ट्रे आणून दाखवला. केसाइतक्या बारीक तारेच्या टोकाला नखाएवढी टोपली, आणि तिच्या तळाशी राजगिऱ्याहून बारीक पिवळट कण. "हे सगळं बाहेर काढलंय, आजी. आत फक्त स्टेंट राहिला." मी ते कण बराच वेळ पाहिले. तुमच्या आजोबांचं बोलणं त्यांच्यापायी जाणार होतं.

मंडळी परतली. चुलत आजोबांनी लगेच गावाला फोन लावला, "दादाला फिल्टर बसवलं! लय भारी काम झालं!" मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मला कोणी काही विचारत नाही, तर मी कशाला सांगू, असं मनात म्हटलं. इतरांच्या मूर्खपणाबद्दल मी इतकं लिहिते आहे, तर हाही लिहायला हवा.

ड्रिपचं फिल्टर वर्षानुवर्षं जागेवर असतं. ते अधूनमधून उलट्या पाण्याने धुवायचं, की झालं. त्यामुळे आजोबा रोज सकाळी तांब्याभर गरम पाणी पिऊन "बॅकवॉश झाला" असं जाहीर करू लागले. मला वाटलं, विनोद आहे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मोटारीवरून, पाण्यावरून, औषधाच्या फवारणीवरून विनोद केला नाही, तो आताच करेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

ऑक्टोबरच्या छाटणीला ते दिंडोरीला जाऊन राहिले. स्टेंटवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या मी दिवसवार डबीत भरून दिल्या होत्या. कात्री बोटाला लागली आणि रक्त थांबेना. दोघा भावांनी बांधावर बसून वैद्यकीय निर्णय घेतला. तो मला नंतर कळला: "दादा, फिल्टर हाय ना आत? मंग गोळीचं काय काम?" डबी रिकामी परत आली. गोळ्या सदऱ्याच्या खिशात, कागदाच्या पुडीत होत्या. धुवायला टाकताना माझ्या हाताला लागल्या.

पुडी हातात घेऊन मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तेव्हा ते चहा पीत होते. "अहो, हे काय आहे?" मी विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. उजव्या हातातला कप कलंडला. चहा धोतरावर सांडला, तरी ते माझ्याकडेच बघत होते. त्यांना उत्तर द्यायचं होतं, तेवढं मला दिसत होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत एकेक शब्द परत येऊ लागला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी पुडी टेबलावर ठेवली.

मागून धावत आलेले चुलत आजोबा म्हणाले, "पण सायेब, फिल्टर..."

डॉक्टर हसले. "काका, ते त्याच दिवशी काढलं."

"हसू नका," मी म्हणाले. "ड्रिपसारखं, असं तुम्ही सांगितलंत. काढणार, हे सांगितलं नाहीत. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, तरी मीही सांगितलं नाही."



तर धाकटे, छत्री आत नाही. स्टेंट आहे. दोन गोळ्या आहेत, त्या रोज माझ्यासमोर गिळल्या जातात, आणि नंतर तोंड उघडून दाखवावं लागतं. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत, म्हणून छाटणीची कात्री आता चुलत आजोबांकडे असते. आजोबांचं बोलणं शाबूत आहे.