उपाशीपोटीची गोळी

माझा स्वभाव मुळातच संशयी. पेट्रोल भरताना मी गाडीवरून उतरून पंपाच्या आकड्यांवर डोळे रोखतो, दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून पाहतो. त्यामुळे आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा दुसरीवर माझी नजर गेलीच. पहिली दुखण्याची, जेवणानंतर. दुसरी सकाळी उपाशीपोटी, म्हणे पोटाच्या रक्षणासाठी.

पोटाला काय धाड भरली होती? पिपरी मेघ्यातल्या आमच्या घरामागे अजून थोडं वावर उरलंय. आई तिथं उकिडवी बसून वांगी तोडते; दुखतात ते गुडघे. शिवाय ही दुसरी गोळी मला शेजाऱ्याच्या, साडूच्या, सासऱ्याच्या, सगळ्यांच्याच चिठ्ठीवर दिसायची. म्हटलं, इथं नक्की पाणी मुरतंय. औषध कंपनीवाल्यांनी डॉक्टरांना गाठलं असणार.

आईला गोळ्या मीच काढून द्यायचो. जेवणानंतरची गोळी ती पदराच्या गाठीत बांधून वावरात न्यायची. मी दुसरी देणं बंद केलं.

"पोटाची काऊन नाई देत रे?" तिनं विचारलं.

"ते उगाच लिहितेत. तुयं पोट चांगलं हाये."

"राहू दे मंग. तुले जास्त समजते."

दोनेक महिन्यांनी ती वांग्यांच्या ओळीतच चक्कर येऊन पडली. आठवडाभर शी डांबरासारखी काळी होत होती, पण ते तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. सेवाग्रामला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं.

"दुखण्याच्या गोळीनं जठराच्या अस्तराला जखम झाली, त्यातून रक्त जातंय. सोबत पोटाची गोळी घेत नव्हत्या का?"

मी तोंड उघडायच्या आत आई खाटेवरून म्हणाली, "मीच इसरत होती, डाक्टरबाई. ध्यानातच नाई राहे."

आणि मी ते खोटं तसंच चालू दिलं. त्याची लाज वाटली, अजूनही वाटते. डॉक्टरांना एकदा तोंडानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता दुखण्याची गोळी बंद आहे, पोटाची चालू. सकाळी चहाआधी मीच ती आईच्या तळहातावर ठेवतो. ती लगेच तोंडात टाकत नाही. तळहात तसाच चुलीकडे नेते, सुनेपुढे धरते.

"पाह्य वं, हेच हाये ना ते?"

बायको मान हलवते. मग आई पाणी मागते.